उघड उसनवारी आणि लपवलेली बनावट

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याला एक चित्रपट दाखवला जातो. हौशी मंडळींनी चालवलेला हा उपक्रम आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यातल्या लहान गावात तो टिकून राहिला याचे मला अप्रूप आहे. यंदा तेथे अमेरिकी दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांचा 1981 सालचा 'ब्लो आउट' दाखवला गेला आणि त्यावरून पेटलेला वाद अजून विझलेला नाही. वाद व्हावा, याबद्दल दुमत नाही. माझी हरकत आहे ती तो चालवण्याच्या रीतीला. एका गटाच्या मते हा चित्रपट धडधडीत नक्कल आहे: कल्पना एकाची, तंत्र दुसऱ्याचे, भीती घालण्याची हातोटी हिचकॉकची. दुसऱ्या गटाला तो दिखाऊ वाटतो. कॅमेरा गरगर फिरतो, पडदा दुभंगतो, रंग डोळ्यांत भरतात, पण हाती काही लागत नाही. तिसरा गट त्याहून गंभीर बोलतो. सत्ताधारी, पोलीस आणि वृत्तपत्रे सगळे मिळून खून दडपतात असे दाखवणारे चित्रपट आधीच अफवांनी पोखरलेल्या समाजाला आणखी संशयखोर करतात, असे या गटाचे म्हणणे आहे. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे, परंतु ते तीन वेगळ्या विषयांवरचे आक्षेप असल्यासारखे मांडले जातात आणि तेथेच चर्चा भरकटते.

माझे मत असे आहे की षड्यंत्राच्या चित्रपटाबाबत 'हे कोठून घेतले?' हा प्रश्न आणि 'हा पुरावा कोठून आला?' हा प्रश्न मुळात एकच आहे. ज्या चित्रपटाने आपले ऋण उघडे ठेवले आहे, ज्याची शैली 'मी घडवलेली वस्तू आहे' असे पदोपदी सांगते, तो प्रेक्षकाला प्रत्येक गोष्टीच्या मुळाकडे जायची सवय लावतो. धोका आहे तो आपली घडण झाकून स्वतःला सत्य म्हणून खपवणाऱ्या कथनात, मग ते पडद्यावरचे असो की मोबाइलवर आलेल्या चित्रफितीतले. या कसोटीवर 'ब्लो आउट' हा प्रामाणिक चित्रपट ठरतो, आणि त्याचा प्रामाणिकपणा त्याच्या उसनवारीत व शैलीतच आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथेचा गाभा सांगणे भाग आहे. फिलाडेल्फिया शहरातला जॅक टेरी हा स्वस्तातल्या भयपटांसाठी आवाज गोळा करणारा तंत्रज्ञ आहे. एका रात्री वाऱ्याचा आवाज टिपण्यासाठी तो शहराबाहेरच्या पुलावर उभा असताना एका भरधाव मोटारीचा टायर फुटतो आणि ती कठडा तोडून पाण्यात कोसळते. जॅक उडी घेऊन सॅली नावाच्या तरुणीला वाचवतो, पण मोटार चालवणारा माणूस मरतो, आणि तो राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतला गव्हर्नर असल्याचे रुग्णालयात कळते. गव्हर्नरच्या माणसांना मोटारीत तरुणी होती हेच पुसून टाकायचे असते. टेप पुन्हा ऐकताना मात्र जॅकला टायर फुटण्याच्या निमिषभर आधीचा आणखी एक आवाज सापडतो, आणि तो बंदुकीचा असतो. यापुढचा सारा चित्रपट म्हणजे त्या एका आवाजाचा पाठपुरावा आहे.

नक्कल म्हणणाऱ्यांचा पुरावा भक्कम आहे, आणि तो त्यांच्यापेक्षा नीट मांडायला मला संकोच वाटत नाही. मायकेलअँजेलो अँटोनिओनी यांच्या 1966 सालच्या 'ब्लो-अप'मध्ये लंडनच्या बागेत काढलेले छायाचित्र मोठे करत गेल्यावर छायाचित्रकाराला झुडपात बंदूक आणि गवतात प्रेत दिसते. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या 1974 सालच्या 'द कॉन्व्हर्सेशन'मध्ये चोरून ऐकण्याचा धंदा करणारा हॅरी कॉल एका जोडप्याचे बोलणे वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांतून जुळवतो आणि त्यात त्याला खुनाची चाहूल लागते. डी पाल्मा यांनी पहिल्यातून मोठे करून पाहण्याची क्रिया घेतली, दुसऱ्यातून टेपला कान लावून बसलेला एकाकी तंत्रज्ञ घेतला, आणि हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'तून एकदा घडलेल्या अपराधाची पुन्हा तशीच पुनरावृत्ती करणारा नायक घेतला. जॅकने पूर्वी पोलिसांसाठी काम करताना एका माणसाच्या अंगावर यंत्र लावले होते, घामाने ते बिघडले आणि तो माणूस जिवानिशी गेला. सॅलीच्या अंगावर तो पुन्हा तेच यंत्र लावतो. हे सगळे ऋण मान्य केल्यावर उरतो तो खरा प्रश्न: घेतलेल्या वस्तूचे काय केले?

अँटोनिओनी यांचे छायाचित्र जितके मोठे होते तितके विरघळत जाते, शेवटी नुसते ठिपके उरतात, प्रेतही नाहीसे होते आणि छायाचित्रकाराला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहत नाही. वास्तव कळू शकते का, हा त्या चित्रपटाचा प्रश्न आहे. कोपोला यांच्या चित्रपटात ध्वनिमुद्रण अगदी स्वच्छ आहे, पण ऐकणाऱ्याने एका वाक्यातला जोर चुकीच्या शब्दावर धरला आणि ज्यांना तो बळी समजला तेच मारेकरी निघाले; तेथे प्रश्न आहे तो ऐकणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा. डी पाल्मा यांच्या जॅकबाबत यातले काहीच लागू पडत नाही. त्याचा आवाज खरा आहे, त्याने लावलेला अर्थ बरोबर आहे, त्याचे कौशल्य निर्विवाद आहे, आणि तरीही सत्य कोणापर्यंत पोहोचत नाही. टेपा पुसल्या जातात, अपघाताची फिल्म नदीत फेकली जाते, सॅली मारली जाते, मारेकरीही मरतो आणि वृत्तवाहिन्या भलतीच कहाणी सांगून मोकळ्या होतात. पुरावा हाती असूनही हतबल झालेल्या माणसाचा हा चित्रपट आहे, आणि तालुका कचेरीत कागद घेऊन हेलपाटे घातलेल्या कोणालाही ही हतबलता परकी वाटू नये. तीन दिग्दर्शकांनी एकच अवजार हाती घेऊन तीन वेगवेगळे प्रश्न विचारले. याला नक्कल म्हणायचे असेल, तर नळदमयंतीची कथा पुन्हा सांगणारा प्रत्येक आख्यानकवी नक्कलकार ठरेल, आणि तसे म्हणायला आपल्यापैकी कोणीही तयार होणार नाही.

शिवाय नक्कलवाले फक्त चित्रपटांचीच वंशावळ तपासतात. 'ब्लो आउट'वर खरा प्रभाव आहे तो अमेरिकेच्या इतिहासाचा. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा एब्राहम झप्रूडर या कपडेव्यावसायिकाने आपल्या 8 मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्याने ते दृश्य टिपले. ती फिल्म आहे जेमतेम 26 सेकंदांची. 'लाइफ' नियतकालिकाने तिचे हक्क विकत घेऊन त्यातली सुटी चित्रे छापली; राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर ती हलत्या रूपात दिसायला 1975 साल उजाडले. म्हणजे बारा वर्षे सामान्य अमेरिकी माणसाजवळ फक्त सुटी चित्रे होती. जॅक टेरी नियतकालिकात छापलेली अपघाताची सुटी चित्रे कात्रीने कापतो, एकेक करून त्यांची फिल्म बनवतो आणि तिला आपल्या टेपवरचा आवाज जोडतो, ते दृश्य मला या चित्रपटाचा कणा वाटते. नागरिकाच्या हाती तुकडे दिले गेले आहेत आणि तो ते स्वतः जोडून पाहतो आहे. तसाच चॅपाक्विडिकचा संदर्भ आहे: जुलै 1969 मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांची मोटार पुलावरून पाण्यात पडली, ते वाचले आणि मेरी जो कोपेकनी ही तरुणी बुडून मेली. चित्रपटात नेता मरतो आणि तरुणी वाचते. इतिहास उलटा करून ठेवला आहे, आणि ज्याला मूळ घटना ठाऊक आहे त्याला त्या उलटापालटीतच बोच जाणवते. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितीत सापडलेला साडेअठरा मिनिटांचा कोरा भाग आठवला, की जॅकच्या खोलीतल्या पुसलेल्या टेपा नुसती रहस्यकथेतली युक्ती राहत नाहीत.

उसनवारीचा प्रश्न मराठी प्रेक्षकाने तरी इतक्या घाईने निकालात काढू नये. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संशयकल्लोळ'चे उदाहरण घ्या. मोलिएर यांचे 1660 सालचे फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फी यांनी 1761 साली रचलेले इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचे मराठी गद्य नाटक 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', आणि पुढे 1916 साली त्याचेच झालेले संगीत नाटक 'संशयकल्लोळ', अशी ही परंपरा आहे. मूर्च्छा आलेल्या रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, तिच्या हातात ती फाल्गुनराव पाहतो, आणि एका खऱ्या तसबिरीवरून सर्वस्वी खोटी कहाणी उभी राहते. अँटोनिओनींच्या तीनशे वर्षे आधी रंगभूमीने चित्र हा पुरावा कसा फसवतो हे दाखवून ठेवले होते, आणि आपल्याकडे ते फ्रान्समधून लंडनमार्गे येऊन इतके आपले झाले की फाल्गुनराव आज कोणाला परका वाटत नाही. पूर्व विदर्भात धान निघाल्यावर झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात, त्यांतही सिनेमातले प्रसंग आणि लकबी येतात. वडशाच्या नाट्यमंडळ्या त्या घेऊन स्थानिक बोली, स्थानिक खलनायक आणि स्थानिक दुःख त्यात भरतात. प्रेक्षक विचारतो ते इतकेच, की आमच्या रात्रीचे चीज झाले का?

त्याच अँटोनिओनी यांच्याकडून कुंदन शाह यांनीही घेतले. 1983 सालच्या 'जाने भी दो यारों'मध्ये दोन गरीब छायाचित्रकार बागेत काढलेला फोटो मोठा करत जातात आणि त्यात खून दिसतो. त्या बागेला नाव दिले आहे अँटोनिओनी पार्क. ऋण असे उघड्यावर, फलक लावून मान्य केलेले आहे. आणि त्या उसन्या अवजाराने कुंदन शाह यांनी उकरले काय, तर मुंबईतले बांधकाम व्यावसायिक, महापालिकेचा आयुक्त आणि पत्रकारिता यांचे साटेलोटे. शेवटी कैद्यांच्या कपड्यांतले ते दोघे गळ्यावरून हात फिरवतात तेव्हा लंडनच्या त्या बागेची आठवण कोणालाही येत नाही.

येथे विरोधी बाजूचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य करावा लागतो. आपल्या चित्रपटसृष्टीत दशकानुदशके परदेशी कथा नावनिशी पुसून उचलल्या गेल्या, मूळ लेखकाला ना श्रेय मिळाले ना मोबदला, आणि त्या उचलेगिरीला 'प्रेरणा' म्हणण्याची चाल पडली. ती चोरीच आहे. म्हणूनच कसोटी हवी ती उघडपणाची. लपवलेल्या उसनवारीने काय होऊ शकते याचा सर्वांत भयंकर दाखला चित्रपटातला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, 1903 साली, रशियात ज्यूंच्या कथित जागतिक कटाची 'इतिवृत्ते' छापली गेली. 1921 साली लंडनच्या 'टाइम्स'ने ती बनावट असल्याचे दाखवून दिले, आणि ते कसे? मोरीस जोली या फ्रेंच लेखकाने 1864 साली तिसऱ्या नेपोलियनवर टीका करण्यासाठी लिहिलेल्या काल्पनिक संवादातले उतारेच्या उतारे त्यात उचललेले आहेत, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून सिद्ध करण्यात आले. मूळ पुस्तकात ज्यूंचा संबंधही नव्हता. इतिहासातली ही सर्वांत घातक षड्यंत्रकथा वाङ्मयचौर्याने बनलेली होती, आणि ती उघडी पडली ती 'हे कोठून घेतले?' या साध्या प्रश्नाने. उघडी पडूनही ती मेली नाही, नाझींनी ती वापरली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे मूळ शोधण्याची सवय पुरेशी नसते; पण ती नसेल तर प्रतिकाराला सुरुवातही करता येत नाही.

हाच निकष चित्रपटांना लावून पाहा. ऑलिव्हर स्टोन यांच्या 1991 सालच्या 'जेएफके'मध्ये झप्रूडरची खरी फिल्म आणि नव्याने चित्रित केलेली, जुनाट दिसणारी कृष्णधवल दृश्ये इतक्या वेगाने एकमेकांत मिसळली आहेत की अस्सल कोणते आणि रचलेले कोणते हे साध्या प्रेक्षकाला कळू नये. त्या चित्रपटाने उठलेल्या वादळामुळेच 1992 साली केनेडी हत्येची कागदपत्रे खुली करण्याचा कायदा झाला, हे त्याचे मोठे फलित आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तरीही पाहणाऱ्याला काय सवय लागते, हे विचारायला हवे. स्टोन यांचा चित्रपट म्हणतो, असे घडले. डी पाल्मा यांचा चित्रपट म्हणतो, हे पाहा मी कसे जोडतो आहे. काल्पनिक असूनही दुसरा चित्रपट पुराव्याबद्दल अधिक सरळ आहे, आणि 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून येणाऱ्या आजच्या अनेक चित्रपटांकडे पाहताना हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता शैलीचा आक्षेप. दिखाऊपणा म्हणजे आशयाशी संबंध नसलेली सजावट, अशी व्याख्या केली तर 'ब्लो आउट' त्यात बसत नाही. पुलावरचे दृश्य पुन्हा आठवा. विल्मोस झिग्मंड यांचा कॅमेरा एकाच चौकटीत पुढ्यातले घुबड आणि दूर उभा असलेला जॅक दोघांनाही सारखेच स्पष्ट दाखवतो; माणसाचा डोळा असे कधी पाहत नाही, पण कान मात्र जवळचे आणि लांबचे एकाच वेळी धरतो. डोळ्याला कानासारखे वागायला लावणारी ही युक्ती आहे. त्या वेळी आमच्या सभागृहात जी शांतता पसरली तिचे मला नवल वाटले नाही, कारण तूर आणि पऱ्हाटी राखायला जागलीवर जाणारा शेतकरी अंधारात असाच ऐकतो: रोही कोठे आहे, डुकरांचा कळप किती लांब आहे, आणि झुडपातली सळसळ वाऱ्याची की जनावराची, हे त्याला आवाजावरून ठरवावे लागते. पुढे पुसलेल्या टेपांच्या दृश्यात कॅमेरा खोलीच्या मध्यावरून गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीत जॅक आणखी सैरभैर दिसतो आणि एकामागून एक टेप कोरी निघते. हेच संवादातून सांगितले असते तर ती एक माहिती झाली असती. फिरत्या कॅमेऱ्याने आपणही त्या खोलीत कोंडले जातो. लाल, पांढरा आणि निळा हे अमेरिकी ध्वजाचे रंग चित्रपटभर पसरले आहेत आणि शेवटच्या स्वातंत्र्योत्सवाच्या आतषबाजीत ते आकाशात फुटतात, त्याच आकाशाखाली सॅली मरून पडलेली असते. राष्ट्राच्या उत्सवाखाली एक खून झाकला जातो, हे विधान त्या रंगांनीच केले आहे. शैली काढून घेतली तर आशय उरेल असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य शैलीशिवाय सांगून पाहावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण त्याच्यामागे खरी प्रेते आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. त्या दिवसांत तीच अफवा मोबाइलवरून विदर्भाच्या गावागावांतही फिरत होती आणि अनोळखी फेरीवाल्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. लसीकरणाच्या काळातही खेड्यांत काय काय पसरले होते ते आपण विसरलेलो नाही. अशा समाजात 'वरपासून खालपर्यंत सगळे सामील आहेत' असे सांगणारी कला नेऊन ठेवणे जबाबदारीचे आहे का? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

परंतु राईनपाड्यात काय घडले ते बारकाईने पाहिले पाहिजे. तेथे अतिसंशय नव्हता; तेथे संशयाला लागणारे श्रम नव्हते. चित्रफीत कोठली, केव्हाची, कोणी पाठवली, कोणाचे मूल हरवले, यांतले काहीही न विचारता निकाल दिला गेला. अफवेला उत्तर आयते मिळालेले असते. जॅक टेरीला एकेक तुकडा कापावा, जुळवावा आणि पुन्हा ऐकावा लागतो. निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाची सुरुवातही 'सरकार लबाड आहे' या घोषणेने झाली नव्हती; 17 जून 1972 च्या पहाटे विरोधी पक्षाचे कार्यालय असलेल्या वॉटरगेट इमारतीतल्या फ्रँक विल्स या रखवालदाराला दाराच्या कुलुपावर लावलेली चिकटपट्टी दिसली, त्याने ती काढली, काही वेळाने ती पुन्हा लावलेली दिसली आणि त्याने पोलिसांना बोलावले. असा संशय समाजाला वाचवतो, कारण तो वस्तूला धरून असतो.

आणि ही काही परदेशी शिकवण नव्हे. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या, त्या ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून. आजचा दाखला हवा असेल तर खरिपाचा घ्या. 2020 साली सोयाबीन उगवलेच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पूर आला. अशा वेळी तालुक्याची समिती पंचनाम्याला बांधावर येते तेव्हा ज्याच्याजवळ खरेदीची पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि थोडे शिल्लक बियाणे असते त्याचे म्हणणे उभे राहते. ज्याने पिशवी धुऱ्यावर फेकून दिली त्याची फसवणूक तेवढीच खरी असूनही ती सिद्ध होत नाही. कंपन्या, दुकानदार आणि साहेब सगळे मिळालेले आहेत, असे पारावर म्हणणे सोपे आहे आणि काही वेळा ते खरेही असेल, पण त्याने कोणा दुकानदाराचा परवाना जात नाही. पावती जपणारा शेतकरी आणि टेप जपणारा जॅक यांची जात एक आहे. जॅक हरतो आणि शेतकरीही पुष्कळदा हरतो, म्हणून जपणे व्यर्थ ठरते का?

मराठीतला या जातीचा सर्वोत्तम चित्रपट 'सामना' आहे, असे मी मानतो. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांची पटकथा, निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि श्रीराम लागू यांचा दारुडा मास्तर; 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यात व्यवस्थेवर व्याख्यान नाही. आहे तो एकच, पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न: मारुती कांबळेचे काय झाले? प्रश्न एका नावाच्या माणसाबद्दल आहे म्हणून हिंदुरावाला तो टाळता येत नाही. सगळेच भ्रष्ट आहेत असे मास्तर म्हणाला असता, तर हिंदुरावाने हसून मान डोलावली असती.

या चर्चेत एक आक्षेप मात्र जवळजवळ ऐकलाच गेला नाही. तो सभागृहात बसलेल्या काही शिक्षिकांनी मांडला होता, आणि तो शैलीवरच्या आक्षेपापेक्षा खोल आहे. चित्रपटाच्या आरंभी जॅकच्या निर्मात्याला भयपटातल्या नटीसाठी चांगली किंकाळी हवी असते. शेवटी जॅक सॅलीची मरतानाची खरी किंकाळी त्या भयपटात वापरतो आणि कान झाकून बसतो. स्त्रीच्या मरणाचा तमाशा करणाऱ्या धंद्यावर हे भाष्य आहे, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि मीही ते काही अंशी मान्य करतो, कारण तोवर भयपटातल्या किंकाळीला हसलेल्या प्रेक्षकालाही त्या क्षणी तोंड लपवावेसे वाटते. पण शिक्षिकांचे म्हणणे असे होते की, भाष्य करतानाही कॅमेरा तोच तमाशा मांडतो आहे. मला त्याचे पुरते खंडन करता येत नाही. मारेकरी बर्क सॅलीचा खून एखाद्या विकृताने केला असे भासावे म्हणून तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर स्त्रियांना आधीच मारून ठेवतो. त्या स्त्रिया कटाच्या सोयीसाठी मरतात, आणि पटकथाही त्यांना सोयीपुरतेच वापरते. कोण होत्या, घरी कोण वाट पाहत होते, हे जॅक विचारत नाही आणि चित्रपटही विचारत नाही. आवाजाचे मूळ शोधण्यासाठी एवढा जीव टाकणाऱ्या दिग्दर्शकाला त्या स्त्रियांबाबत मास्तरचा प्रश्न सुचला नाही, ही त्या चित्रपटाची खरी उणीव आहे, आणि नकलेच्या आरोपापेक्षा तिच्यावर बोलणे मला कितीतरी अधिक गरजेचे वाटते.